सुकटीचा डबा

आमच्या घरात शनिवारी सकाळी बोलायला बंदी असायची. न्याहारी झाली की डॅडी गराजमध्ये जायचे, दार अर्धं लोटून घ्यायचे, आणि मग मम्मीने भांडी आपटायची नाहीत, मी रेडिओ लावायचा नाही, कोणाचा फोन आला तर "ते बाहेर गेलेत" म्हणून सांगायचं. हे खोटं बोलणं मम्मीला पटायचं नाही. "गराज घराच्या बाहेरच आहे ना?" असं डॅडींचं म्हणणं. शेजारच्या इटालियन म्हाताऱ्याने गवत कापायचं यंत्र सुरू केलं की डॅडी हातातलं काम खाली ठेवायचे आणि ते थांबेपर्यंत स्टुलावर नुसते बसून राहायचे. मग मॅगपाय पक्ष्यांचं ते गुळण्या केल्यासारखं गाणं ऐकू यायचं, आणि त्या शांततेत गराजमधून लोखंडी दांडा खाली-वर केल्याचा आवाज. खट्. जरा थांबून पुन्हा खट्.

डॅडी रिव्हॉल्वरची काडतुसं भरत असत. हे वाक्य मी आजही चारचौघांत जरा चाचरतच बोलते. आम्ही वसईकडचे कॅथलिक, साधी माणसं. घरात कोणी सैन्यात नव्हतं की पोलिसात नव्हतं. डॅडी मुंबईत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते, आणि आम्ही मेलबर्नला आल्यावर क्लेटनजवळच्या कारखान्यातही त्यांना तेच काम मिळालं. आगुस्तीन हे नाव तिथे कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून पहिल्या आठवड्यातच त्यांचा 'गस' झाला. हॅरल्ड नावाचा त्यांचा फोरमन होता, निवृत्तीला आलेला, तरुणपणी सैन्यात असलेला. त्याच्याकडे सैन्यातल्या बनावटीची दोन जुनी रिव्हॉल्वरं होती. त्यातल्या एकाची स्प्रिंग मोडली होती आणि ती कुठेच मिळत नव्हती. डॅडींनी जेवणाच्या सुट्टीत पोलादाच्या पट्टीतून नवीन स्प्रिंग घडवली. हॅरल्ड इतका खूश झाला की त्याने डॅडींना आपल्या पिस्तूल क्लबात नेलं, आणि वर्षभराने, लायसन्सचे सगळे सोपस्कार झाल्यावर, तेच रिव्हॉल्वर त्यांच्या नावावर करून दिलं. पोलीस येऊन जमिनीला बोल्टांनी ठोकलेली लोखंडी पेटी तपासून गेला, मम्मीच्या हातचा केक खाऊन गेला. तेव्हा मी शाळेत होते.

डॅडींना नेमबाजीचं वेड नव्हतं, असं मला आता वाटतं. त्यांना त्या यंत्राचं प्रेम होतं. ते रिव्हॉल्वर त्यांच्यापेक्षाही वयाने मोठं, त्याचं पोलाद जुन्या काळचं. त्याच्या मापाची काडतुसं दुकानात मिळेनाशी झालेली, आणि मिळाली असती तरी नव्या जोरकस काडतुसाने ते फुटलं असतं. म्हणून ती घरी भरायची. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुऊन, पुसून, भेग आहे का ते पाहून पुन्हा मापात आणायच्या, बुडात ठिणगी पाडणारी नवीन टोपी बसवायची, तराजूवर तोलून आत दारू घालायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. दारूला घरात आम्ही पावडरच म्हणायचो, कारण 'दारू' हा शब्द मम्मीला तिच्या स्वयंपाकघराच्या आसपासही नको होता.

मी युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीत, जायला लागले तेव्हा या कामात माझाही एक वाटा ठरला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्या काळी फी नव्हती, म्हणूनच चढले. मी केमिस्ट्री घेतली होती आणि ट्युटोरियलमध्ये कधी तोंड उघडलं नव्हतं. पण गराजमध्ये माझ्या डोळ्यांना किंमत होती. पावडर घातलेल्या पुंगळ्या भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या असत. डॅडी बाजूला होत, आणि मी टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकावायचे. सगळ्यांतली पातळी सारखी हवी. एकीत जरी जास्त दिसली तरी पुरा ठोकळा पालथा करायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. "संशय आला की ओतून टाकायचं, बाय. वाद घालायचा नाही," एवढंच ते म्हणत. पुस्तकातल्या सगळ्यांत कमी मापापासून सुरुवात करायची. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि सगळ्यांत मोठा नियम: टेबलावर एका वेळी एकच पावडर, आणि ती तिच्या मूळ डब्यात. ते डबे कपडे धुवायच्या खोलीत वरच्या फळीवर असत, कारण गराजमध्ये उन्हाळ्यात भट्टी व्हायची.

आता मम्मीचं सांगते. आमच्या घरात कुठल्याही डब्यात त्याच्यावर लिहिलेली वस्तू कधीच नसायची. बिस्किटांच्या डब्यात सुई-दोरा, कोकोच्या डब्यात चिंच, आइस्क्रीमच्या डब्यात सुके बोंबील. उन्हाळ्यात अंगणात मिरच्या वाळवून केलेला बॉटल मसाला बीअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरलेला. बाटल्या शेजारच्या इटालियनाकडून मागून आणलेल्या. वसईला सगळ्यांच्याच घरी असं असतं, आणि दोन अर्धे डबे शेजारी-शेजारी दिसले की तिथल्या कुठल्याही बाईचा हात शिवशिवतो. एकाचा एक करायचा, दुसरा धुऊन उन्हात पालथा घालायचा. यात चूक काय आहे? मला आजही त्यात चूक दिसत नाही, आणि माझ्या सुनेला माझ्या फ्रिजमध्ये दह्याच्या डब्यात दही सापडत नाही.

त्या रविवारी क्लबात वर्षातली मोठी स्पर्धा होती, दुपारी. आम्ही चर्चमधल्या मिसाहून आलो, मम्मीने कांदा परतायला घेतला आणि मला म्हणाली, "मिना, जरा सुकट आण. धुवायच्या खोलीत वर ठेवलीये, लाल डब्यात."

मी स्टुलावर चढले. लाल डबा खाली घेतला. झाकण उघडलं तर वास सुकटीचा आणि डब्यावर नाव पावडरचं.

त्या फळीवर पावडरचे दोन डबे असत. एक हिरवा, सौम्य पावडरचा, तीच रिव्हॉल्वरला चालायची. दुसरा हा लाल. दुकानदाराच्या सांगण्यावरून डॅडींनी सुरुवातीला आणलेली जहाल पावडर, जी त्या जुन्या रिव्हॉल्वरला झेपली नसती, म्हणून अर्धी त्यांनी क्लबातल्या कोणाला तरी देऊन टाकली होती आणि उरलेली कधी वापरलीच नव्हती. दिसायला दोन्ही सारख्याच, करड्या.

"मम्मी, यातलं कुठे गेलं?"

"त्या हिरव्यात ओतलं. दोन्ही अर्धे-अर्धेच तर होते. ह्याचं तोंड मोठं, हात जातो."

"कधी?"

"झाले असतील पंधरा दिवस. अगं घासून घेतलाय चांगला, साबणाने!"

मला केमिस्ट्री येत होती म्हणून भीती वाटली असं नाही. गराज माहीत होतं म्हणून वाटली. आदल्या दोन्ही शनिवारी डॅडींनी हिरव्या डब्यातून काडतुसं भरली होती. तराजूने वजन बरोबर दाखवलं होतं, टॉर्चने पातळी बरोबर दाखवली होती. आत काय आहे हे सांगणारं आमच्याकडे काहीच नव्हतं. आणि त्यातला एक खोका हॅरल्डला दिला होता. त्याचे हात थरथरायला लागले होते, तोलायचं काम त्याला जमत नव्हतं. दुसरं रिव्हॉल्वर त्याच्याकडेच होतं, तितकंच जुनं.

मी डॅडींना डबा नुसता दाखवला. ते टाय सोडत होते. त्यांनी डब्यात पाहिलं, मग मम्मीकडे पाहिलं. ओरडले नाहीत. फोनकडे गेले. हॅरल्डकडे घंटा वाजत राहिली. तो नेहमी लवकर जाऊन निशाणं लावायचा.

त्या गाडीतल्या प्रवासाबद्दल काय लिहू? डॅडींनी एकही सिग्नल मोडला नाही. मी शेजारी बसून मनात मरियेचं नमन म्हणत होते आणि मधेच विसरत होते. क्लबच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा माणसं ओळीत उभी होती, कानांवर आवाज अडवणारी झाकणं लावून, आणि हॅरल्ड डावीकडून तिसरा, मान खाली घालून काडतुसं आत सरकवत होता.

धोका दिसला तर 'सीझ फायर' असं कोणीही ओरडायचं, हा त्या क्लबाचा पहिला नियम होता. दारावरच्या फळीवर रंगवलेला होता. माझे वडील त्या देशात कधी मोठ्याने बोलले नव्हते. दुकानात सुटे पैसे कमी परत आले तरी 'सॉरी' म्हणून मागायचे. ते मोटारीचं दार उघडं टाकून धावले आणि असे ओरडले की झाडावरचे काकाकुवा उडाले.

सगळी शस्त्रं खाली गेली. डॅडी हॅरल्डजवळ गेले, धाप लागली होती. "हॅरल्ड, प्लीज. माय बुलेट्स, नॉट सेफ. पावडर मिक्स्ड." हॅरल्डने मुकाट्याने रिव्हॉल्वर उघडून काडतुसं डॅडींच्या ओंजळीत रिकामी केली. "टा, गस," म्हणाला, म्हणजे थँक्स. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, झालं. वाचलो. आता कोणीतरी डॅडींच्या पाठीवर हात ठेवेल.

सेक्रेटरी केन पुढे आला. लालबुंद, चड्डी आणि लांब मोजे घातलेला. "काय चाललंय, मेट? स्पर्धा आहे इथे!" आणि कारण कळल्यावर म्हणाला, "जीझस, गस. करी शिजवताय का तिकडे?" दोघं-तिघं हसले. त्यांना सुकटीबद्दल काही माहीत नव्हतं, तरी हसले.

बुधवारी कमिटीने बोलावलं. 'असुरक्षित वर्तन' असा विषय होता. डॅडींनी सूट घातला. मी सोबत गेले, इंग्रजी अडलं तर सांगायला. कमिटी क्लबच्या पत्र्याच्या खोलीतच बसायची, चहाचं मोठं भांडं उकळत असायचं, बशीत लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन. आणि त्या भांड्याच्या वर भिंतीवर, खिळ्याला रिबिनीने बांधून, एक फुगून फाटलेली पिस्तुलाची नळी टांगलेली होती. ती केनची. आदल्या वर्षी बीअर पीत काडतुसं भरताना त्याने गोंधळ केला होता आणि तो ओळीत उभा असताना पिस्तूल हातात फुटलं होतं. शेजारच्याच्या गालाला टाके पडले. त्याबद्दल कुठलीही कमिटी बसली नाही. नाताळच्या पार्टीत केनला ती नळी बक्षीस म्हणून दिली आणि सगळे टाळ्या वाजवत राहिले. मी त्या पार्टीत होते. मीही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून.

"पावडर मिसळली कशी?" अध्यक्षांनी विचारलं. निवृत्त बँकवाले होते, आवाज मऊ.

मी डॅडींकडे पाहिलं. ते म्हणाले, "आय पोअर. माय मिस्टेक."

मी मराठीत कुजबुजले, "डॅडी, तुम्ही नाही ओतली."

"गप बस, बाय."

मग केन बोलला. जुनी शस्त्रं, घरगुती काडतुसं, प्रत्येकाला ती काळजी कळतेच असं नाही, सगळ्यांची संस्कृती सारखी नसते, त्याला स्वतःला काही म्हणायचं नाही, पण. हे 'पण' त्याने तसंच सोडून दिलं. युनिच्या वर्गात उत्तर माहीत असूनही जो हात कधी वर गेला नव्हता तो मी वर केला. परवानगीची वाटही पाहिली नाही.

"त्यांनी एकही गोळी सुटायच्या आधी येऊन सांगितलं," मी म्हणाले. "स्वतःहून. कोणाला कळलंही नसतं. आणि ते तिथे काय टांगलंय?" माझं बोट त्या नळीकडे गेलं. "त्याबद्दल कोणाला बोलावलं होतं इथे?"

अध्यक्ष हसले. "नो वन्स हॅविंग अ गो ॲट युअर डॅड, लव्ह." तुझ्या बाबांवर कोणी चाल करून आलेलं नाही. "ती वेगळी गोष्ट होती. तो अपघात होता."

वेगळी गोष्ट! मी आज सत्तरीला आले, दोन शाळांत विज्ञान शिकवलं, हजारो मुलांना समजावलं असेल की घडलेलं आणि टळलेलं यात फरक काय. पण जे घडलं तो अपघात आणि जे टाळलं तो गुन्हा, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. कदाचित मीच हट्टी असेन. तसं असलं तरी चालेल.

ठराव फार सभ्य होता. गसचं सदस्यत्व राहील. फक्त यापुढे त्याने क्लबात फॅक्टरीत बनलेलीच काडतुसं वापरायची. "फेअर इनफ, गस? नो वरीज?" त्या रिव्हॉल्वरची फॅक्टरीची काडतुसं कुठेही मिळत नाहीत, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि क्लबात नेम धरला नाही तर लायसन्स राहत नाही, हेही ठाऊक होतं. मतदानाला हात वर झाले. हॅरल्डही कमिटीवर होता. तो सगळा वेळ लॅमिंग्टनचा खोबऱ्याचा कीस बोटाने टिपत बसला होता. त्याने केनकडे पाहिलं, आणि मग त्याचाही हात वर गेला, उजवा, जरासा थरथरत. मी त्या हाताकडे बघत राहिले. बोटं सगळी शाबूत होती.

डॅडी उठले आणि प्रत्येकाला 'थँक यू' म्हणाले. याचा राग मला कमिटीपेक्षाही जास्त आला.

"का नाही सांगितलंत?" गाडीत मी विचारलं. "मम्मीला कुठे ठाऊक होतं? तसंच सांगायचं ना सरळ!"

"त्यांच्या तोंडी तिचं नाव कशाला?" ते म्हणाले. पुढच्या सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाले, "आणि मला डबा जड लागला होता गं. पहिल्याच शनिवारी. हाताला कळलं होतं. मला वाटलं, माझाच अंदाज चुकला असेल. संशय आला होता आणि मी ओतून टाकलं नाही."

म्हणजे त्यांनी स्वतःची चूक शोधून काढली होती. भिंतीवर स्वतःची फाटलेली नळी टांगून बसलेल्या त्या माणसांपैकी एकालाही ते जमलं नाही.

मम्मी दारातच उभी होती. सगळं ऐकलं तिने आणि कमरेचा ॲप्रन सोडून खुर्चीवर टाकला. "मला घेऊन चला तिथे."

"झालं ते झालं, रोझी."

"नाही झालं! चूक माझी, आणि शिक्षा तुम्ही घेऊन आलात? मला काय तोंड नाही? मी सांगते त्यांना. मी ओतलं. मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर हा माणूस जेवायचं टाकून धावला. हे इंग्रजीत मला सांगता येतं." आणि तिने ते तिथेच, स्वयंपाकघरात उभी राहून, इंग्रजीत म्हणून दाखवलं, आमच्यासमोर. व्याकरण थोडं चुकलं. मी आयुष्यात त्याहून चांगलं भाषण ऐकलेलं नाही. डॅडींनी तिला नेलं नाही. जेवायला सुकटच होती, कैरी घालून केलेली. तिघांनीही ती ताटात तशीच ठेवली.

पुढच्या शनिवारी डॅडींनी सगळी काडतुसं एकेक करून उकलली आणि पावडर लिंबाच्या झाडापासून दूर, मोकळ्या गवतावर विखरून पाण्याने भिजवली. शेजाऱ्याने यंत्र सुरू केलं, पण आता थांबायचं कारण नव्हतं. काही महिन्यांनी लायसन्स गेलं. त्यांनी रिव्हॉल्वर स्वच्छ पुसलं, तेल दिलं, मऊ फडक्यात गुंडाळलं आणि पोलीस स्टेशनात देऊन आले. तिथल्या पोराने ते एका खोक्यात टाकलं, त्याचा आवाज झाला, एवढंच त्यांनी घरी येऊन सांगितलं. शनिवारी सकाळी बोलायची मोकळीक झाली. कोणी फारसं बोलायचं नाही.

त्यानंतर एकदा क्लेटन रोडवर, भाजीच्या दुकानाबाहेर, डॅडींना आणि मला हॅरल्ड भेटला. बराच थकलेला दिसत होता. "गस, मेट," तो म्हणाला, "त्या दिवसाबद्दल. यू नो हाऊ इट इज." आणि त्याने हात पुढे केला. डॅडींनी तो दोन्ही हातांत घेतला, त्याची तब्येत विचारली, बायकोची विचारली. ते खरंच विचारत होते.

मग त्याने तोच हात माझ्यापुढे केला. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्या खाली ठेवता आल्या असत्या. फुटपाथ कोरडा होता. मी त्या हाताकडे पाहिलं, पाचही बोटांकडे, आणि पिशव्या घट्ट धरून उभी राहिले.